हो, लोकलमध्ये मीही हात उचललाय

मा. संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या शहर पुरवणीत लोकलच्या महिला डब्यातल्या मारामारीची चार ओळींची बातमी आली होती, सोबत कुणीतरी मोबाइलवर काढलेला फोटो. मथळा होता ‘रणरागिणींचा राडा’, आणि खाली बारीक अक्षरात ‘झिंज्या उपटेपर्यंत मजल’. सुनेनं चहाच्या वेळी ती मोठ्यानं वाचून दाखवली. मुलगा हसला, नातू हसला, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसले. मग पोहे भिजवायला उठले आणि चाळण नळाखाली धरून तशीच उभी राहिले. पोह्यांचा लगदा झाला.

माझं वय ६१. लग्न होऊन १९८८ साली परळच्या चाळीतून बदलापूरला आले आणि निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, बदलापूर ते दादर आणि परत असा प्रवास केला. त्या चौतीस वर्षांत महिलांच्या डब्यात मी एकदा मार खाल्ला, एकदा मारलं आणि एकदा साक्षीदार म्हणून रेल्वे पोलिसांच्या बाकावर बसले. घरात यातली मार खाल्ल्याचीच गोष्ट माहीत आहे. ती मी रंगवून सांगते. दुसरी आज पहिल्यांदा लिहिते आहे, म्हणून पत्राखाली नाव नाही. ते छापूही नये.

आधी ज्यांनी हा डबा आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. संध्याकाळी दादरला गाडीत शिरलं की जागा शोधायची नसते, बाई शोधायची असते. बसलेलीच्या डोळ्यात बघून विचारायचं, ‘‘कुठे?’’ ती म्हणते, ‘‘ठाणे.’’ ‘‘ठाण्याची कुणाला दिलीय?’’ ‘‘नाही दिली.’’ ‘‘मग मला द्या.’’ झालं. ती जागा आता तुमची. तिकीट नाही, पावती नाही, फक्त शब्द. याला आम्ही क्लेम लावणं म्हणतो. त्यातही पोटनियम आहेत. विंडोवाली उतरली तर सेकंडवाली सरकून विंडोला, थर्डवाली सेकंडला, आणि क्लेमवालीला मिळते ती थर्ड. काही जणी म्हणतात, मी विंडोचा क्लेम लावलाय, मला विंडोच हवी. फोर्थ सीटला, म्हणजे तिघींच्या बाकावर अर्ध्या मांडीनं टेकणारीला, सरकायचा हक्क आहे की नाही यावर तर वकिलांकडूनही ऐकायला मिळणार नाहीत असे युक्तिवाद मी ऐकलेत. पुढच्या स्टेशनला न उतरणारीनं दारात उभं राहायचं नाही, हाही असाच एक नियम. तो मोडल्याबद्दल मी मार खाल्ला.

१९९१ चा जून. पाऊस, ओल्या छत्र्या, ओल्या साड्यांचा आंबूस वास. बदलापूर फास्टमध्ये मी दारापासून तिसरी. दिवा गेलं की डोंबिवलीच्या बायका उठून दाराकडे सरकायला लागतात. मागून एकीनं विचारलं, ‘‘डोंबिवली?’’ मी म्हटलं, ‘‘नाही.’’

‘‘मग दारात कशाला मरायला उभ्या राहता? आत व्हा ना!’’

आत व्हायला आत होतं कुठे? हे मी शांतपणे सांगू शकले असते. पण मी म्हणाले, ‘‘गाडी काय तुमच्या बापानं घेतलीय?’’ रंगवून सांगताना हे वाक्य मी गाळते. त्यानंतर तिनं माझ्या कानाखाली दिली. पुढचं क्रमानं आठवत नाही. तिच्या हातात माझी वेणी होती, माझ्या हातात तिची बाही, आणि आमच्या दोघींच्या मधे एक तिसरीच बाई चिरडली जाऊन किंचाळत होती. तेवढ्यात डोंबिवली आलं आणि लोंढ्याबरोबर ती ओढली गेली. तिची बोटं माझ्या गळ्यात अडकलेली होती. मंगळसूत्र तुटलं.

डोंबिवलीनंतर डबा मोकळा होतो, पायाखालची जमीन दिसायला लागते. काळे मणी सगळीकडे घरंगळले होते, बाकाखाली, दाराशी साचलेल्या पाण्यात, कुणाच्या चपलेच्या पट्ट्यात. मी रडायलाही लागले नव्हते, तर चार-पाच जणी उकिडव्या बसून मणी वेचायला लागल्या. मगाशी ‘‘बरोबर आहे तिचं’’ म्हणून ओरडणारी एक बाई त्यात होती. तिनं बाकाखाली हात घालून एक वाटी काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. दुसरी वाटी माझ्याच ब्लाउजमध्ये होती. मेथी निवडत बसलेल्या एका आजींनी जुडीखालचा वर्तमानपत्राचा कागद फाडून पुडी बांधायला दिला. (आपल्या पेपराचा होता की नाही, ते पाहायचं राहिलं.)

दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तोच डबा. ती आधीच आत होती. मी दुसरीकडे बघत उभी राहिले. घाटकोपर गेल्यावर कुणीतरी दंडाला हात लावला. तिनं मूठ उघडली. तीन काळे मणी आणि एक सोन्याचा.

‘‘निऱ्यांत अडकले होते. घ्या.’’

माफी वगैरे काही नाही. मीही मागितली नाही. त्यानंतर दहा-अकरा वर्षं आम्ही एका डब्यातून गेलो. दसऱ्याला डब्याला तोरण बांधायला ती बाकावर चढायची आणि मी तिचे पाय धरायचे, पडू नये म्हणून. संक्रांतीला तिळगूळ दिला-घेतला. त्या थपडेचा विषय एकदाही निघाला नाही. ती नंतर कधी यायची बंद झाली तेही कळलं नाही. गाडीतली माणसं अशीच जातात, निरोप न घेता.

ही झाली सांगण्यासारखी गोष्ट. आता दुसरी.

२००४, ऑगस्ट. मी चाळिशीची. गाड्या सकाळपासून उशिरानं होत्या, म्हणजे दोन गाड्यांची माणसं एका गाडीत. दादरला मी ठाण्याचा क्लेम लावला आणि त्या बाईच्या गुडघ्यांना गुडघे टेकवून ठाण्यापर्यंत उभी राहिले. माझ्या शेजारी एक मुलगी उभी होती, वीस-एकवीसची. प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, ती छातीशी धरलेली. लोकलची सवय नाही हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. सवय असलेली बाई पाय फाकवून उभी राहते, ही जोडून उभी होती. तिनं मला दोनदा विचारलं, ‘‘काकू, अंबरनाथ किती वाजता येईल?’’ मी दोनदा नीट सांगितलं.

ठाणं आलं. क्लेमवाली उठली आणि ती मुलगी बसली. तिला काही ठाऊकच नव्हतं. जागा रिकामी झाली, समोर होती, बसली. बसमध्ये बसतात तशी.

मी म्हटलं, ‘‘ऊठ. माझा क्लेम आहे.’’ ती म्हणाली, ‘‘म्हणजे?’’

या ‘म्हणजे’नं माझं डोकं फिरलं. मला वाटलं ही माझी चेष्टा करतेय. आजूबाजूच्या चार जणी माझ्या बाजूनं बोलायला लागल्या, ‘‘ए, उठ ना, उसका क्लेम है,’’ आणि त्यांच्या आवाजानं मला आणखी जोर चढला. हे मला नंतर पुष्कळदा जाणवलंय. आपण एकटे असतो तेव्हा हात इतक्या सहज उठत नाही. ती उठायला लागलीही होती बहुतेक. फाइल सावरत होती, त्यात वेळ लागत होता. तेवढ्यात गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. तेव्हा जलद गाड्या त्याच बोगद्यातून जायच्या. १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. आत शिरलं की गाडीचा आवाज दुप्पट होतो आणि आपण काय बोलतोय ते आपल्यालाच ऐकू येत नाही. त्या आवाजात मी खांद्यावरची कापडी पिशवी फिरवली. पिशवीत स्टीलचा डबा होता. त्या सगळ्या गोंगाटात मला एकच आवाज ऐकू आला, रिकाम्या डब्यातला चमचा खुळखुळल्याचा.

भुवई फुटली. जखम फार मोठी नसावी, पण भुवईचं रक्त डोळ्यात उतरतं. तिनं डोळा झाकला. ओरडली नाही, शिवी दिली नाही, माझ्यावर हात तर उचललाच नाही. मी वाट बघत होते तिनं उचलावा म्हणून, म्हणजे मग ते भांडण झालं असतं. ती उठली, फाइल घेतली, ओढणीचं टोक डोळ्यावर दाबून दाराकडे सरकत गेली. बायकांनी तिला वाट दिली. त्या गर्दीत वाट कशी झाली कोण जाणे, पण झाली. डोंबिवलीला ती उतरली. तिला अंबरनाथला जायचं होतं.

आणि मी त्या जागेवर बसले. बदलापूरपर्यंत.

कुणी काही बोललं नाही. समोरची बाई मटार सोलत होती, ती सोलत राहिली. एकीनं तर मला म्हटलंसुद्धा, ‘‘आजकालच्या मुलींना शिस्तच नाही.’’ घरी जाऊन मी डबा घासला, चमचा घासला आणि भात टाकला. दुसऱ्या दिवसापासून चमचा रुमालात गुंडाळून न्यायला लागले. सासूबाईंनी कारण विचारलं तेव्हा सांगितलं, आवाज करतो.

ज्या बाईनं १९९१ ला मला मारलं, तिला मी उलट हात लावला होता, कारण तीही माझ्यासारखीच रोजची होती. ही मुलगी नवी होती. तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं, म्हणूनच तिला मारता आलं. क्लेम वगैरे सगळं नंतरचं.

साक्षीदार झाले त्याचं थोडक्यात सांगते. २०१६ मध्ये रात्रीच्या गाडीत दोघी एकमेकींना भिडल्या, एकीनं दुसरीच्या हाताला चावा घेतला. लहानपणी आम्ही मनगटावर दात रुतवून घड्याळ करायचो, तसं गोल घड्याळ उठलं होतं, फक्त त्यातून रक्त येत होतं. एका जंक्शनच्या रेल्वे पोलीस ठाण्यात आम्हा तिघींना बसवलं. हवालदार माणूस वाईट नव्हता. त्यानं समजावलं की साधी दुखापत, कलम ३२३, हा अदखलपात्र गुन्हा आहे. ‘‘एनसी घेतो. पुढं जायचं तर कोर्टात तुम्हाला जावं लागेल. एक वर्षापर्यंत शिक्षा आहे कायद्यात, पण बाई, तारखांना तुम्ही रजा टाकणार का?’’ (आता कायदा बदलला. जुलै २०२४ पासून न्याय संहितेत तेच कलम ११५ झालं आणि दंड हजारावरून दहा हजारापर्यंत गेला, असं वकील भाच्यानं सांगितलं.) दोघी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. एकीच्या घरी आठला पाणी येऊन गेलेलं, भरायला कुणी नव्हतं. दुसरीला मुलाचा फोनवर फोन. पाऊण तासात मिटलं. परतीची गाडी दोघींची एकच होती. एक पुढच्या लेडीज डब्यात चढली, एक मागच्या.

तर संपादक महाशय, माझं म्हणणं आपल्या मथळ्याबद्दल आहे. पुरुषांच्या डब्यात टोळकं दार अडवतं, कुणाला ठोकून काढतं, तेव्हा तुम्ही ‘प्रवाशाला बेदम मारहाण’ छापता. तीच मारामारी बायकांच्या डब्यात झाली की रणरागिणी आणि झिंज्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये ठाणे-पनवेल गाडीत बसायच्या जागेवरून बायकांची जुंपली होती, सोडवायला गेलेली महिला पोलीसही रक्तबंबाळ झाली. तो व्हिडिओ मला किमान वीस जणांनी पाठवला, हसणाऱ्या चेहऱ्यांसकट. माझ्या भिशीच्या ग्रुपवरसुद्धा आला. मी तो पूर्ण पाहिला नाही. त्यातल्या एकीच्याही चेहऱ्यावर हसण्यासारखं काही दिसलं नाही.

रेल्वेच्या भाषेत एक शब्द आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी, असा त्याचा अर्थ. तुमच्या बातमीनंतर मी नातवाचा खडू घेतला आणि हॉलमध्ये एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखला. आत मी, सून, मुलगा, नातू उभे राहिलो. हात अंगाशी धरून. पाचवी म्हणून शेजारच्या वहिनींना बोलावलं, सहावी त्यांची मुलगी. सातव्याला मुलगा म्हणाला, ‘‘आई, पुरे आता, दम कोंडतोय.’’ पंखा चालू होता, पाऊस नव्हता, कुणाच्या खांद्याला पर्स नव्हती आणि आम्ही सगळे एकमेकांना ओळखत होतो.

१९९२ साली महिला विशेष गाड्या सुरू झाल्या, मे महिन्यात पश्चिम रेल्वेवर आणि जुलैत आमच्या मध्य रेल्वेवर. आमची व्हीटीहून कल्याणपर्यंत. कल्याणच्या पुढं बायका राहत नसाव्यात अशी कुणाची तरी समजूत होती. आम्ही त्या गाडीकडे पाहुण्यांच्या घरच्या फ्रिजकडे बघावं तसं बघायचो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं खाली पडून गेली, तेव्हा टीव्हीवर जो तो विचारत होता, लटकतात कशाला? दारातून एक पाऊल आत मिळावं म्हणून काय काय करावं लागतं ते मी वर लिहिलंच आहे.

एकदा मात्र आमच्या गावचा राग योग्य पत्त्यावर गेला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये संध्याकाळची साधी गाडी काढून त्या वेळेला एसी गाडी दिली. तिकीट परवडत नाही, पासवाल्यांनी जायचं कुठे? बदलापूरकर स्टेशनात जमले, मास्तरांच्या दारात उभे राहिले. माझी निवृत्ती तेव्हा झाली होती, तरी मी गेले, सवयीनं पासही बरोबर घेतला, संपलेला. त्या गर्दीत मी तास-दीड तास उभी होते. धक्के बसले, पाय तुडवले गेले, एकीची पर्स माझ्या बरगडीत रुतत होती. पण कुणी कुणाला वाकडा शब्द बोललं नाही. चार दिवसांत रेल्वेनं मध्य मार्गावरच्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा गाडी कितीची होती, त्या दिवशी ती किती मिनिटं उशिरा होती आणि तिच्या आधीची रद्द झाली होती का, एवढं त्यात घाला. ही माहिती मिळायला अवघड नाही, फलाटावरची कोणतीही बाई सांगेल. झिंज्या नाही छापल्या तरी चालतील.

त्या मुलीला आज चाळिशी उलटली असेल. भुवईच्या जखमेवर पुन्हा केस येत नाहीत म्हणतात, बारीक फट राहते. निवृत्तीनंतर मी क्वचितच गाडीनं जाते, पण गेले तर अंबरनाथला चढणाऱ्या बायकांच्या भुवयांकडे अजून बघते. कोणत्या बाजूची, डावी की उजवी, तेसुद्धा मला आता आठवत नाही. म्हणून दोन्ही बघते.

आपली,
एक वाचक, बदलापूर (पूर्व)